रिंगमधील फायबर तुटल्यावर होणारे तात्पुरते राउटिंग लूप कसे टाळावेत

समजा, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे आणि अमळनेर येथील पाच राउटर फायबरच्या एका रिंगमध्ये जोडलेले आहेत, त्यांवर ओएसपीएफ (सर्वांत कमी खर्चाचा मार्ग शोधणारा राउटिंग प्रोटोकॉल) चालते आणि प्रत्येक लिंकचे मेट्रिक, म्हणजे मार्ग निवडताना धरला जाणारा खर्च, १० आहे. पाचोऱ्याहून अमळनेरला जाणारा डेटा जळगावमार्गे जातो, कारण तिकडून एकूण मेट्रिक २० होते, तर चाळीसगाव-धुळेमार्गे ३०. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने जळगाव–अमळनेर केबल तोडली, की जळगावचा राउटर अमळनेरचा डेटा पाचोऱ्याकडे वळवतो; पाचोऱ्याच्या टेबलात मात्र अजून जुनाच मार्ग असल्यामुळे तो डेटा पुन्हा जळगावला येतो.

हा लूप बहुधा सेकंदाच्या आतच सुटतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. तेवढ्या वेळातही टीटीएल (पॅकेट टाकून देण्यापूर्वी ते किती राउटर ओलांडू शकते, तो आकडा) ६४ असलेले पॅकेट जळगाव–पाचोरा लिंक साठ-एक वेळा ओलांडू शकते, लिंक तुडुंब भरते आणि अमळनेरशी काहीही संबंध नसलेला डेटाही गळू लागतो. ट्रेसरूटमध्ये, म्हणजे पॅकेटचा मार्ग टप्प्याटप्प्याने दाखवणाऱ्या साधनात, असा लूप क्वचितच सापडतो. त्यापेक्षा दोन्ही राउटरांवरील टीटीएल संपलेल्या पॅकेटांचे काउंटर पाहावेत आणि त्या लिंकवर दोन्ही दिशांना एकदमच भार वाढला होता का, हे तपासावे.

उपाय करताना आधी ऑप्टिकल थर, म्हणजे राउटरांच्या खालची फायबरवरची यंत्रणा, पाहावा. खाली ५० मिलिसेकंदांत पर्यायी मार्गावर जाणारे प्रोटेक्शन असेल, तर लिंक पडल्याची दखल घेण्यापूर्वी राउटरला सुमारे १०० मिलिसेकंद थांबायला लावावे. अन्यथा खालचा थर लिंक सावरत असतानाच कंट्रोल प्लेन (राउटरचा मार्ग ठरवणारा भाग) नाहक मार्ग बदलू लागेल. प्रोटेक्शन नसेल तर हा विलंब शून्य ठेवावा.

त्यानंतर लक्ष द्यावे ते बदलाच्या क्रमाकडे. सगळे टायमर कमी करून कन्व्हर्जन्स (सर्व राउटरांनी नव्या मार्गांवर स्थिरावणे) वेगवान करण्याकडे अनेकांचा कल असतो, पण माझ्या मते वेगापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे: लिंक तुटताना बिघाडाजवळच्या राउटरने सर्वांत शेवटी बदलावे आणि लिंक परत येताना सर्वांत आधी. या रिंगमध्ये साधा एलएफए (लूप न होणारा, आधीच ठरवून ठेवलेला शेजारी राउटरमार्गेचा पर्याय) जळगावला उपयोगी पडत नाही, कारण पाचोऱ्याचा अमळनेरचा मार्ग जळगावमधूनच जातो. त्यामुळे रिमोट एलएफए, म्हणजे शेजाऱ्याऐवजी दूरच्या राउटरमार्गेचा असाच पर्याय, वापरून जळगावचा डेटा टनेलने थेट चाळीसगावला पोहोचवावा. तेथून अमळनेरचा मार्ग मुळातच धुळ्याकडून आहे. टनेल चालू असताना जळगावने नवा मार्ग टेबलात घालणे थोडे लांबवावे, म्हणजे तोवर पाचोरा बदललेला असेल. २०१८ च्या आरएफसी ८३३३ या इंटरनेट तांत्रिक दस्तऐवजामध्ये हीच पद्धत दिलेली आहे. टनेलची सोय नसताना हा विलंब लावू नये, कारण मग तेवढा वेळ डेटा थेट वाया जातो.

लिंक परत येतानाही लूप होतो, हे बरेचदा विसरले जाते: पाचोरा आधी बदलला आणि जळगाव मागे राहिला, की तीच फेरी सुरू होते. म्हणून तुटलेल्या केबलचे जॉइंटिंग पूर्ण होऊन सिग्नल स्थिर होईपर्यंत लिंक बंदच ठेवावी आणि सुरू करताना दोन्ही टोकांना तिचे मेट्रिक ३० ठेवावे. या आकड्याला जळगाव थेट लिंक धरतो, कारण त्याचा दुसरा मार्ग ४० चा आहे. पाचोरा मात्र चाळीसगावमार्गेच राहतो, कारण जळगावमार्गे आता ४० आणि तिकडून ३० होतात. सर्व राउटर स्थिरावल्यावर मेट्रिक १० करावे. नियोजित देखभालीसाठी लिंक काढायची असेल, तर हाच क्रम उलटा वापरावा, म्हणजे आधी ३० आणि मग बंद.