वाहवत चाललोय हे ओळखायचं कसं, आणि थांबायचं कसं

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्याच वचनात, इशारा आहे तो विश्वासापासून नकळत वाहवत जाण्याचा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेच्या पात्रात जे बांधलेलं नाही ते आपोआप हलतं, वल्हं मारावं लागत नाही. अब्राहामाचा पुतण्या लोट, त्याचं तसंच झालं. उत्पत्तीच्या १३व्या अध्यायात त्याचे तंबू सदोम या पापी नगराच्या दिशेने सरकतात, १४व्यात तो सदोमातच राहतो आहे आणि १९व्यात थेट वेशीत बसलेला दिसतो. देवाला सोडायचं असं त्याने ठरवलं, असा एकही दिवस त्यात सापडत नाही.

म्हणून मनाला विचारू नका, मोजा. मन कायम ‘बरं चाललंय’ असंच सांगतं.

शनिवारी संध्याकाळी अर्धा तास काढा आणि वहीत तीन गोष्टी लिहा. गेल्या ८ रविवारांपैकी किती उपासना चुकल्या? आठवड्याचा स्क्रीन टाइम किती, आणि पवित्र शास्त्रापुढे किती वेळ बसलात? बँक स्टेटमेंटमध्ये दान पगाराच्या दिवशी गेलंय की महिनाअखेर उरलं त्यातून? चुकलेल्या रविवारापुढे ‘काम होतं’ असं लिहू नका; ‘मुलीचा क्लास, सकाळी ९’ असं लिहा. तेच कारण तीनदा आलं की पाणी कुठून शिरतंय ते कळलं. मग योहानाच्या पहिल्या पत्रातली २:१६ ची तीन नावं लावून पाहा: देहाची वासना, डोळ्यांची वासना, संसाराविषयीची फुशारकी. क्लास वाईट नसतो. पण त्यामागे शेजाऱ्यांच्या मुलांशी बरोबरी असेल, तर ती तिसरी आहे.

पुण्यात एक वाट फार सहज लागते. कॅम्प किंवा खडकीतलं भाड्याचं घर सुटतं, वाकड-मोशीकडे फ्लॅट होतो. हे पाप नव्हे. पण चर्च तासाभराच्या अंतरावर जातं, आधी एखादा रविवार चुकतो, मग उपासना मोबाइलवर, आणि पुढे ओट्यावर भांडी घासता घासता. त्यामुळे सामान लावून होण्याआधीच जवळच्या मंडळ्या (चर्च) पाहायला लागा, ४ रविवारांत एक ठरवा आणि जुन्या पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र घेऊन तिथे द्या. नाव कुठेच नसेल, तर गैरहजेरी विचारणारंही कोणी नसतं.

रोजच्या वाचनाला मार्ककृत शुभवर्तमान घ्या: १६ अध्याय, रोज एक. छापील प्रत वापरा, कारण फोनवर वचन उघडताना वर मेसेज येतो आणि हात तिकडे जातो. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उशाशी बायबल ठेवा. हिंजवडीची कॅब साडेसहाला येत असेल तर पहाटेचा हट्ट नको. जेवणाच्या सुट्टीतली २० मिनिटंही चालतील, फक्त वेळ रोज तीच हवी. वाचावंसंच वाटत नसेल तर एक स्तोत्र मोठ्याने म्हणा. (झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर त्याला विश्वासातला थंडपणा म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.)

आणि एक माणूस शोधा. इब्री ३:१३ रोज एकमेकांना बोध करायला सांगतं, निदान आठवड्याला अर्धा तास तरी भेटा. पुरुषाने पुरुषाशी, बाईने बाईशी. पाच जणांचा गट नको, तिथे बोलणं ‘सगळ्यांसाठी प्रार्थना करा’ यावर येऊन थांबतं. त्या व्यक्तीने नेमकं विचारावं: काय वाचलंस, पैसा कुठे गेला, कुणाशी अबोला आहे, कोणती गोष्ट घरच्यांपासून लपवलीस?

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे टीव्ही बंद, सिनेमा बंद अशी यादी करणं. ‘हात लावू नको, चाखू नको’ या नियमांनी देहाची लालसा आवरत नाही, असं प्रेषित पौल कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगतो. दुसरी जास्त फसवी: मंडळीचं काम म्हणजेच प्रभूशी नातं असं समजणं. क्वायर, कमिटी, नाताळचा कार्यक्रम सगळं चालू असतं आणि एकांतातली प्रार्थना महिनोन्‌महिने बंद. इफिस येथील मंडळी कष्टाळूच होती, तरी तिची पहिली प्रीती सुटली होती. तिला प्रकटीकरण २:५ मध्ये आठवण, पश्चात्ताप आणि पहिली कृत्यं, या क्रमाने परत यायला सांगितलं आहे. तेव्हा वहीत आधी हे लिहा: प्रभूशी जवळीक होती त्या दिवसांत मी काय करत होतो? त्यातलं एक उद्यापासून सुरू करा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मोजा.