खानदेशी उन्हाळ्यात मोटरचा ब्रॅकेट पीएलएचा नको
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही अधिक तापते. त्यामुळे घरी बांधलेल्या सीएनसी यंत्राच्या (संगणकाच्या आज्ञेवर कापणी करणाऱ्या यंत्राच्या) स्टेपर मोटरचा, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या मोटरचा, ब्रॅकेट (मोटर धरून ठेवणारा आधार) पीएलए या थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकमध्ये छापू नये. पीएलए सुमारे ६० अंशांना मऊ पडते, आणि स्टेपर मोटर जागेवर थांबलेली असतानाही करंट घेत तापत राहते. मग मोटरने फिरणाऱ्या पट्ट्याच्या ताणाने ब्रॅकेट हळूहळू वाकतो, पट्टा ढिला पडतो, मापे चुकतात आणि दोष मात्र मोटरला करंट पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटमध्ये शोधला जातो. अ‍ॅल्युमिनियमचा जाड ब्रॅकेट सर्वांत उत्तम, कारण तो मोटरची उष्णताही ओढून घेतो. छापायचेच असेल तर पीएलएपेक्षा अधिक उष्णता सोसणारे एबीएस प्लास्टिक घ्यावे. करंट २० टक्क्यांनी उतरवल्यास गुंडाळीतली उष्णता सुमारे ३६ टक्क्यांनी घटते, परंतु मोटरचा जोरही कमी होत असल्याने कापण्याचा वेग थोडा उतरवावा.