सिलिकॉन कार्बाइड डायोडचे फॉरवर्ड व्होल्टेज: विचित्र आकडा दिसला तर काय तपासावे

सिलिकॉन डायोडची सवय झालेल्याला सिलिकॉन कार्बाइडचा शॉट्की डायोड हमखास चकवतो. मीटरवर ०.८ व्होल्टच्या आसपास, १० अँपिअरला दीड व्होल्टच्या जवळ आणि तापल्यावर त्याहूनही जास्त. लगेच डायोड बदलू नका, हे तिन्ही आकडे एकाच धडधाकट डायोडचे असू शकतात. प्रवाह किती आणि जंक्शन (डायोडच्या आतला जोड) किती गरम, हे सोबत लिहिलेले नसेल तर फॉरवर्ड व्होल्टेजच्या, म्हणजे सुलट प्रवाह वाहताना डायोडवर पडणाऱ्या व्होल्टेजच्या, आकड्याला काही अर्थ नाही.

या डायोडमध्ये दोन गोष्टी एकापुढे एक आहेत. पहिली, धातू आणि अर्धवाहक यांच्यामधला अडथळा. तापमान वाढले की इलेक्ट्रॉन तो सहज ओलांडतात आणि तिथले व्होल्टेज घटते. दुसरी, त्याखालचा ड्रिफ्ट थर, म्हणजे निव्वळ रोध. तापल्यावर त्यात इलेक्ट्रॉनची गतिशीलता कमी होते, म्हणून रोध वाढतो. कमी प्रवाहाला पहिल्याचे चालते, जास्त प्रवाहाला दुसऱ्याचे.

नमुन्यादाखल ६५० व्होल्ट, १० अँपिअरचा डायोड धरा. २५ अंशांना अडथळ्याचे ०.९५ व्होल्ट अधिक ५० मिलिओहम रोध, १५० अंशांना ०.८ व्होल्ट अधिक ८५ मिलिओहम. २ अँपिअरला थंड डायोड १.०५ व्होल्ट देतो, तर गरम ०.९७. १० अँपिअरला थंड १.४५ आणि गरम १.६५. थंड आणि गरम डायोडच्या प्रवाह-व्होल्टेज रेषा सुमारे ४.३ अँपिअरला एकमेकींना छेदतात. तिथे तापमानाचा परिणाम जवळजवळ शून्य. आपल्या डायोडचा हा छेदबिंदू डेटाशीटच्या आलेखावरून काढून ठेवा, निम्मे गोंधळ तिथेच मिटतात. (हे सरळ रेषेचे गणित मिलिअँपिअरला लागू नाही, तिथे वक्र बराच खाली असतो.)

आता मोजणी. सतत १० अँपिअर सोडून मीटर पाहिला तर आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो. डायोड स्वतःच्याच उष्णतेने तापत असतो. म्हणून ३०० मायक्रोसेकंदांचा पल्स द्या, ड्यूटी (पल्स चालू असण्याच्या वेळेचे प्रमाण) २ टक्क्यांच्या आत ठेवा आणि सुरुवातीची थरथर बसल्यावर, साधारण २०० मायक्रोसेकंदांना, स्कोपवर वाचा. प्रवाहाच्या तारा वेगळ्या, व्होल्टेजच्या वेगळ्या. व्होल्टेजच्या तारा पायांच्या मुळाशी, पॅकेजला चिकटून लावा. चिमट्यात आणि तारेत मिळून २० मिलिओहम राहिले, तर १० अँपिअरला ०.२ व्होल्टची चूक होते, म्हणजे वरच्या उदाहरणातला तापमानाचा पूर्ण फरक. गरम आकडा हवा असेल तर डायोड तापलेल्या पट्टीवर घट्ट बसवा, तापमान स्थिर होऊ द्या, मग तोच पल्स द्या.

एवढे करूनही आकडा पटत नसेल, तर त्याच तापमानाला १० मिलिअँपिअर आणि पूर्ण प्रवाह अशा दोन ठिकाणी मोजा. कमी प्रवाहाचा आकडा पूर्वीचाच आणि फक्त जास्त प्रवाहाचा वाढला असेल, तर रोध वाढला आहे: चिपला पायाशी जोडणारी बाँडची तार सुटलेली असू शकते किंवा चिपखालचा जोड खराब झालेला. कमी प्रवाहाचाच आकडा घसरला असेल तर संशय अडथळ्यावर घ्या आणि उलट दिशेची गळती मोजा.

सिलिकॉन कार्बाइडच्या मॉसफेटमधल्या (स्विच म्हणून वापरल्या जाणाऱ्या ट्रान्झिस्टरमधल्या) अंगभूत बॉडी डायोडची गोष्ट वेगळी. तो शॉट्की नव्हे, पीएन (पी आणि एन प्रकारच्या अर्धवाहकांचा जोड) आहे, आणि पूर्ण प्रवाहाला ३ ते ४ व्होल्ट सहज घेतो. ज्या मीटरचे चाचणी व्होल्टेज तोकडे असते, तो याला तुटलेला ठरवतो. मोजताना गेटवर डेटाशीटमध्ये दिलेले ऋण व्होल्टेज द्या. शून्यावर ठेवले तर थोडा प्रवाह चॅनेलमधूनही जातो आणि आकडा खोटा कमी दिसतो. अशा पीएन डायोडमधून बराच काळ प्रवाह गेल्यावर फॉरवर्ड व्होल्टेज कायमचे वाढले, तर स्फटिकातल्या स्थानभ्रंशांपासून पसरणारे थरदोष हे एक कारण असू शकते. निव्वळ शॉट्की वहनात हा त्रास नसतो, कारण तिथे होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) आणि इलेक्ट्रॉनचे पुनर्मीलन होत नाही.

शॉट्की डायोडमधला अपव्यय काढताना मात्र गरम आकडेच घ्या: वरच्या उदाहरणात ०.८ गुणिले सरासरी प्रवाह, अधिक ०.०८५ गुणिले आरएमएस (वर्गमध्यमूळ) प्रवाहाचा वर्ग. छेदबिंदूच्या वर डायोड जितका तापतो तितका अपव्यय वाढतो, आणि हीटसिंक तोकडा असेल तर तापमान चढतच जाते.