जुना बूटलोडर टाकून फोन अनलॉक करताय? या चुका टाळा

गणपतीला चाकरमानी नवा फोन घेऊन गावी येतात आणि जुना घरी ठेवून जातात. त्यामुळे कोकणात बऱ्याच घरांच्या कपाटात एखादा धडधाकट फोन पडून असतो. स्क्रीन चांगली, बॅटरी बरी, फक्त कंपनीने अपडेट देणं थांबवलेलं. अशा फोनवर लिनिएजओएससारखी कस्टम रॉम (कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाकली तर तो आणखी काही वर्षं कामाला येतो. देवगड-मालवणकडे होडीवर नकाशा बघायला, होमस्टेच्या नोंदी ठेवायला, पोरांच्या अभ्यासाला. मी या कामाच्या पूर्ण बाजूने आहे. चालता फोन भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अडतं ते बूटलोडरच्या, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामच्या, कुलपाशी; ते उघडलं (अनलॉक केलं) तरच दुसरी रॉम बसते. कंपनीच्या नव्या अपडेटनंतर अनलॉकची जुनी वाट बंद होते आणि मग कोणीतरी सांगतं, "जुना बूटलोडर टाक, मग होईल अनलॉक." काही फोनांसाठी हा सल्ला बरोबर आहे. पण बऱ्याच फोनांना तो कायमचा बंद पाडतो. "काल रात्री फाईल टाकली आणि फोन मेलो" म्हणत माणसं दुकानात येतात, त्यामागे बहुतेक वेळा पुढच्यापैकीच एखादी चूक असते.

नेमकं काय मागे न्यायचंय तेच माहीत नसणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. फोनमध्ये तीन वेगळे थर असतात. वर सिस्टीम, म्हणजे तुम्हाला दिसणारं अँड्रॉइड. त्याखाली मोडेम (मोबाईल नेटवर्क पकडणारा भाग) वगैरेचं फर्मवेअर. आणि सगळ्यात खाली बूटलोडर, जो फोन चालू होताच पहिला जागा होतो आणि वरच्या थरांवरची सही तपासतो. सिस्टीम जुनी करणं अनेक फोनांवर जमतं. त्यावरून लोक समजतात की बूटलोडरही तसाच मागे जाईल.

तसा तो जात नाही, कारण प्रोसेसरच्या आत एक आकडा नोंदलेला असतो. याला रोलबॅक संरक्षण म्हणतात, बोलताना सगळे एआरबी (अँटी-रोलबॅक) म्हणतात. नव्या बूटलोडरबरोबर कंपनीने हा आकडा वाढवला की चिपमध्ये त्याची कायमची नोंद होते. काही चिपमध्ये त्यासाठी बारीक फ्यूज असतात आणि ते खरोखर जाळले जातात. हा आकडा वाढतो, कमी कधीच होत नाही. कमी आकड्याचा बूटलोडर घातला तर चिपमधला पहिला कोड तो चालवायलाच नकार देतो. पडद्यावर सूचना येत नाही, लोगो येत नाही. बटण दाबून दाबून बोटं दुखतात.

"पण माझा बूटलोडर आधीच अनलॉक आहे, मग मला कोण अडवणार?" हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. अनलॉक केल्यावर बूटलोडर वरच्या सिस्टीमच्या बाबतीत सैल होतो, एवढंच. त्याला स्वतःला तपासणारी चिप मात्र तशीच कडक राहते. अनलॉक झालेला फोनही जुन्या बूटलोडरने मरतो तो यामुळे.

आणि कुलूप लागलेलंच असेल तर फास्टबूट (केबलने संगणकावरून फोनमध्ये फाईली घालायचा मोड) जुना बूटलोडर घेतच नाही. म्हणजे कुलूप उघडायला मागे जायचं, आणि मागे जायला कुलूप उघडं हवं. या फेऱ्यातून बाहेर पडायला कंपनीने स्वतः काही सोय दिली आहे का, ते आधी शोधा. रियलमीने काही मॉडेलांना सही केलेलं रोलबॅक पॅकेज दिलं आहे. त्यांचं अनलॉकचं 'डीप टेस्टिंग' अ‍ॅप ठरावीक मॉडेल आणि ठरावीक आवृत्तीवरच चालतं, म्हणून तिथे मागे जाण्याला अर्थ आहे. उलट, हुआवेने जुलै २०१८ मध्ये अनलॉक कोड देणंच बंद केलं. तिथे कितीही जुनं फर्मवेअर टाकलं तरी कंपनीकडून कोड मिळणार नाही.

आकडा न बघता फाईल टाकणं

शाओमीचा रेडमी नोट ५ प्रो आठवत असेल. २०१८ मध्ये त्याच्या अपडेटमध्ये एआरबी आलं आणि सवयीने जुनी मीयूआय (शाओमीचं अँड्रॉइड) टाकणाऱ्यांचे फोन धडाधड बंद पडले. तो फोन परत उठवायला मागचं झाकण उघडून दोन बिंदू जोडावे लागत, आणि वर कंपनीची परवानगी असलेलं खातं लागे.

हे टाळायला एक मिनिट पुरतं. फोन फास्टबूटमध्ये घेऊन संगणकावरून 'गेटव्हार अँटी' (fastboot getvar anti) ही आज्ञा द्या, आकडा येईल. उत्तर रिकामं आलं तर त्या फोनवर शाओमीचं हे बंधन नाही. आकडा आला तर टाकायच्या रॉमचा आकडा तेवढाच किंवा जास्त हवा. अधिकृत फास्टबूट रॉमच्या फ्लॅश करणाऱ्या (फोनमध्ये रॉम लिहिणाऱ्या) फाईलमध्येच ही तपासणी लिहिलेली असते. फोनचा आकडा मोठा असेल तर ती काम थांबवते.

इथे काही लोक असं काही करतात की वाईट वाटतं. ती फाईल नोटपॅडमध्ये उघडतात, तपासणीच्या ओळी खोडतात आणि पुन्हा चालवतात. फोनला वाचवणारी शेवटची गोष्ट त्या ओळी असतात. त्या अडवत असतील तर तिथेच थांबा.

सॅमसंगवर बघायची पद्धत निराळी. सेटिंगमध्ये बिल्ड नंबर उघडा आणि शेवटून पाचवं अक्षर पाहा. बहुतेक वेळा यू किंवा एसनंतर येणारं ते अक्षर म्हणजे बूटलोडरची आवृत्ती. ९ नंतर ए, बी अशी अक्षरं लागतात. टाकायच्या फर्मवेअरचं तेच अक्षर फोनपेक्षा मागचं असेल तर ओडिन (सॅमसंगचं फर्मवेअर टाकायचं संगणकावरचं टूल) अडतो आणि फोनवर 'एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल, डिव्हाइस ४, बायनरी ३' अशी ओळ दिसते. घाबरू नका, फोन बहुधा वाचलेला असतो. त्याच किंवा नव्या आवृत्तीचं पूर्ण फर्मवेअर टाकलं की तो उठतो. दुसरं कुठलंतरी टूल वापरून तीच जुनी फाईल घुसवायचा हट्ट मात्र धरू नका.

गुगल पिक्सेलवाल्यांनी ऑगस्ट २०२२ लक्षात ठेवावा. पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर अँड्रॉइड १३ आलं तेव्हा बूटलोडरचा आकडा वाढला आणि १२ वर परतायची वाट बंद झाली. या फोनांत सिस्टीमच्या दोन प्रती असतात, स्लॉट ए आणि बी. एका स्लॉटला नवा बूटलोडर आणि दुसऱ्याला जुनाच राहिला, आणि नवा स्लॉट काही कारणाने सुरू झाला नाही, तर फोन आपण होऊन जुन्याकडे वळतो आणि तिथेच अडकतो. म्हणून अशा वेळी दोन्ही स्लॉटमध्ये नवाच बूटलोडर घालायचा.

मोटोरोलाचा धोका उशिरा कळतो. जुन्या मोटो जी फोनांवर सिस्टीम मागे गेली, बूटलोडर नवाच राहिला आणि फोन नीट चालूही झाला. मग चार दिवसांनी 'अपडेट उपलब्ध' अशी सूचना आली, मालकाने सहज होय म्हटलं, आणि जुन्या सिस्टीमसाठी बनवलेलं अपडेट नव्या बूटलोडरवर जाऊन आदळलं. काळा पडदा. सिस्टीम जुनी केली असेल तर आपोआप होणारी अपडेट आधी बंद करा.

सरळ वाट उघडी असताना मागे जाणं

शाओमीच्या नव्या हायपरओएसवर अनलॉक मिळत नाही म्हणून जुन्या मीयूआयवर परतायचा विचार करणारे पुष्कळ आहेत. आधी अर्ज करून पाहा. शाओमी कम्युनिटी अ‍ॅपमध्ये किमान ३० दिवस जुन्या खात्यावरून अर्ज करता येतो. रोजचा कोटा बीजिंगच्या मध्यरात्री उघडतो, म्हणजे आपल्याकडे रात्री ९:३० वाजता. तो पटकन संपतो, त्यामुळे काही रात्री हुकतील. कंटाळा येतो हे खरं, पण त्यात फोन मरत नाही. मोटोरोला काही मॉडेलांना ईमेलवर कोड देते. लिनिएजओएसच्या सूचनांमध्येही प्रत्येक फोनसाठी कोणतं फर्मवेअर आधी हवं ते लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते जुनं नसून नवंच असतं.

आयएमईआय गमावणं

मीडियाटेक चिपच्या फोनसाठी एसपी फ्लॅश टूल वापरताना 'फॉरमॅट ऑल + डाउनलोड' निवडलं की एनव्हीरॅम, म्हणजे आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) ठेवलेली जागा, पुसली जाते. फोन झकास चालू होतो, पण सिमला रेंज येत नाही. स्टार हॅश ०६ हॅश दाबलं की आयएमईआय कोरा किंवा भलताच दिसतो. साधं 'डाउनलोड ओन्ली' पुरत असताना हा पर्याय निवडू नका. आणि काहीही करण्याआधी एनव्हीरॅम, एनव्हीडेटा आणि प्रोटेक्टचे दोन्ही भाग वाचून संगणकावर ठेवा. क्वालकॉम चिपच्या फोनवर तीच काळजी मोडेमएसटीच्या दोन भागांची आणि पर्सिस्टची घ्या.

प्रत ठेवली नसेल तर कोणीतरी "टाकून देतो दुसरा नंबर" म्हणेल. ऐकू नका. आयएमईआयशी छेडछाड करण्याविरुद्ध २०१७ पासून वेगळे नियम आहेत आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

काम झाल्यावर पुन्हा लॉक करणं

शाओमीच्या मी-फ्लॅश टूलच्या खालच्या पट्टीत तीन पर्याय असतात आणि नव्या आवृत्त्यांत आधीपासून निवडलेला असतो तो 'क्लीन ऑल अँड लॉक'. न बघता फ्लॅश दाबलं की बूटलोडर परत लॉक. मूळचा चायना मॉडेलचा फोन असेल आणि वर ग्लोबल रॉम असेल, तर 'ही आवृत्ती या फोनवर चालणार नाही' अशी ओळ येते आणि फोन तिथेच थांबतो. मुंबईच्या बाजारातून स्वस्तात आणलेल्या फोनांत असे चायना मॉडेल सापडतात; खोक्यावर भरवसा न ठेवता मॉडेल नंबर स्वतः तपासा. कस्टम रॉम असताना 'सुरक्षेसाठी' लॉक करणाऱ्यांची गतही तीच होते. पूर्ण मूळ रॉम, तीही त्याच मॉडेलची, असल्याशिवाय लॉक करू नका.

अनलॉक करतानाच फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा फोटो आधी काढून ठेवा. सॅमसंगचा नॉक्स बिट (फोनशी छेडछाड झाल्याची खूण) एकदा उडाला की पूर्ववत होत नाही. आणि ज्या फोनवर तुमचं यूपीआय चालतं तो या कामाला घेऊ नका. अनलॉक बूटलोडर प्ले इंटिग्रिटीला (गुगलच्या फोन-तपासणीला) कळतो आणि बँकेची अ‍ॅप तोंड फिरवू शकतात. मच्छीबाजारातसुद्धा क्यूआर दाखवतात हल्ली, तिथे पापलेटाच्या वाट्यासमोर उभं राहून पेमेंट अडलं तर काय करणार?

आपल्याकडच्या हवेच्या आणि लाईटच्या भानगडी

किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत यूएसबी पोर्टचे धातूचे टोक हिरवे पडतात. चार्जिंग कसंबसं होतं, पण डेटा मध्येच तुटतो, आणि बूटलोडर लिहीत असताना केबल तुटणं याहून वाईट काही नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पोर्ट पुसा, पूर्ण वाळू द्या. केबल डेटावाली घ्या; काही केबलींमधून फक्त चार्जिंग होतं. फास्टबूट संगणकाला दिसत नसेल तर यूएसबी ३ ऐवजी २ च्या पोर्टात लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

पावसाळ्यात डेस्कटॉपवर हे काम काढू नका. लॅपटॉप वापरा, फोन निदान ६० टक्के चार्ज असू द्या. आणि सड्यावर जाऊन रेंज पकडत उतरवलेली चार जीबीची फाईल तुटक रेंजमुळे अर्धवट असू शकते. विंडोजमधल्या सर्टयूटिलने तिचा हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारी ओळख-खूण) काढा, मूळ ठिकाणच्या हॅशशी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाईल पुन्हा उतरवा.

फोन गेलाच तर

लोगोवर अडकला असेल तर जीव आहे. फास्टबूट किंवा रिकव्हरी (फोनमधला दुरुस्तीचा मोड) उघडत असेल तर त्याच मॉडेलची, त्याच किंवा वरच्या आकड्याची पूर्ण रॉम टाका. पडदा काळाच राहिला तर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरा. तरी नाही, तर केबल लावून संगणकाचा डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे 'क्वालकॉम ९००८' असं काही दिसलं तर फोन ईडीएलमध्ये, म्हणजे क्वालकॉमच्या आणीबाणीच्या मोडमध्ये, आहे. पूर्ण मेलेला नाही, पण बऱ्याच कंपन्यांच्या फोनांना तिथून उठवायला अधिकृत खातं लागतं. "पैसे पाठवा, दुरून संगणक जोडून करून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती संगणक देऊ नका. त्याला फोनच नाही, तुमच्या सगळ्या फाईली उघड्या मिळतात.

सर्व्हिस सेंटरला किंवा गावच्या जाणत्या कारागिराकडे नेताना काहीही लपवू नका. आधी कोणती आवृत्ती होती, कोणती फाईल टाकली, कोणत्या टूलने टाकली आणि कुठल्या ओळीवर थांबलं, हे कागदावर लिहून फोनबरोबर द्या. लॅपटॉपवर त्या आज्ञांची खिडकी अजून उघडी असेल तर बंद करण्याआधी तिचा फोटो काढून तोही द्या.