गाडी रात्री कुठं झोपते? टेम्पो इलेक्ट्रिक करण्याआधीची वही

भोसरीत आमच्या नऊ गाड्या आहेत. पाच तीनचाकी, तीन छोटे हत्ती (म्हणजे छोटे चारचाकी टेम्पो), एक पिकअप. पाव, खारी, टोस्ट, दूध असा माल पहाटे चारला भरायचा आणि दहाच्या आत दुकानांत टाकायचा. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एका टेम्पोवर धंदा उभा केला. हिशेब बारा वर्षं माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी घरात रोज एकच वाद चालायचा: सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक करायच्या की नाही? 'सगळ्या' या शब्दानंच घोळ घातला होता. एकेका गाडीचा वेगळा निवाडा करायला घेतला तेव्हा वाद मिटला.

सुरुवात वहीपासून करा. तीन आठवडे प्रत्येक गाडीचं सकाळ-संध्याकाळचं किलोमीटरचं रीडिंग लिहायचं. ड्रायव्हरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. आमची चिखली लाइनची गाडी सगळेच "शंभर तरी" धरून चालले होते, वहीत निघाले रोजचे ६४ किमी. शेजारी आणखी तीन रकाने ठेवा: माल किती, दुपारी गाडी किती वेळ उभी, आणि रात्री कुठं झोपते. हा शेवटचा रकाना कोणी लिहीत नाही आणि बरेचदा तिथंच निकाल लागतो. आमचे दोन ड्रायव्हर गाडी घरी नेतात, एक दापोडीला चाळीत राहतो. तिथं प्लग कुठून आणायचा? त्या दोन गाड्या पहिल्याच दिवशी यादीतून बाहेर गेल्या.

मग पैसे. माझे आकडे देते, तुमचे तुम्ही घाला. सीएनजी ९० रुपये किलो धरला. छोटा हत्ती आमच्याकडे किलोला १८ किमीचं ॲव्हरेज देतो, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये. तेवढीच इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला भिंतीतल्या प्लगमधून पाव युनिट वीज खाते. युनिटचा भाव बिलावरचा छापील दर बघून धरू नका. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करा, स्थिर आकारासकट. आम्हाला १० रुपये पडतो. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये वाचतात. रोज ८० किमी, महिन्याला २६ दिवस धरले तर ५,२०० रुपये. ऑइल, फिल्टर, क्लच प्लेटचे आणखी हजार. गाडी तीन लाखांनी महाग असेल तर चार वर्षांत वसूल.

आता तीच गाडी रोज ४०च किमी फिरली तर? ऑइल-क्लचची बचतही निम्मी धरली तर आठ वर्षं. लोक म्हणतात, "जवळची फेरी आहे, इलेक्ट्रिकच घे." जवळच्या फेरीची गाडी चार्जिंगला सोपी असते हे खरं, पण ती पैसे फेडत नाही. फार कमी फिरणारी परवडत नाही, फार जास्त फिरणारी पोचत नाही. मधल्या पट्ट्यातल्या गाड्या शोधायच्या. तीनचाकीचं गणित सोपं आहे: किलोमीटरला १ रुपया ८० पैसे सुटतात, फरक ९० हजारांचा, रोज ७० किमी असतील तर सव्वादोन वर्षांत मोकळे.

यात दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, हप्ता. इलेक्ट्रिक गाडीला कर्जाचा व्याजदर जास्त आणि मुदत कमी सांगितली जाते, त्यामुळे आधी कोटेशन घ्या आणि मग वही उघडा. दुसरी, पुढे विकताना येणारी किंमत. मी इलेक्ट्रिकची शून्य धरते. करांचं थोडक्यात: इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून डिझेल-सीएनजी मालवाहू गाड्यांचा २८ वरून १८ वर आला, त्यामुळे जुनी तुलना रद्द करा. तुम्ही इनपुट क्रेडिट घेत असाल, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेत असाल, तर करासहित किमती ताडून बघण्यात अर्थच नाही.

डेमो मागाल तेव्हा रिकामी गाडी चालवून खूश होऊ नका. आम्ही दोन दिवस मागून घेतली, आपला माल, आपला ड्रायव्हर, नेहमीची लाइन. कागदावर एका चार्जिंगला दीडशे किमीच्या वर लिहिलेली गाडी पावाच्या क्रेट भरून, दर दोनशे मीटरला थांबत, शंभराच्या आसपास धावली. त्यातले वीस किमी शिलकीला ठेवून मी ८० च मोजते.

आणि वायरिंग. इथं आम्ही चुकलो. पहिली तीनचाकी आली तेव्हा शेडमधल्याच पंधरा अँपियरच्या पॉइंटला एक्स्टेन्शन लावून चार्ज करायचो. मे महिन्यात रात्री दोनला अण्णा वासानं उठले. प्लगची पिन तपकिरी झाली होती आणि बोर्डाचं प्लास्टिक गुळाच्या पाकासारखं तिला चिकटलेलं. बाकी काही झालं नाही, नशीब. त्यानंतर प्रत्येक गाडीला वेगळी वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), इंडस्ट्रियल सॉकेट आणि नवा अर्थिंगचा खड्डा केला. सॉकेट कमरेच्या वर बसवा, पावसाळ्यात आमच्या शेडमध्ये घोटाभर पाणी येतं. एका तीनचाकीला ३ किलोवॅट धरले तर पाच गाड्यांना १५, आणि आमचा वीज कंपनीनं मंजूर केलेला भार होता ५ किलोवॅट. महावितरणकडे इलेक्ट्रिक वाहनांसाठी वेगळा मीटर मागता येतो, त्याचा दरही वेगळा आहे. पण गाळा भाड्याचा असेल तर मालकाचं संमतिपत्र आधी घ्या, गाडी बुक नंतर करा. आमच्याकडे देखभालीसाठी वीज गुरुवारी जाते, म्हणून दुपारच्या चार्जिंगवर अवलंबून असलेली एकही लाइन मी निवडली नाही.

ड्रायव्हरांना आधी बसवून सांगा. आमच्याकडचे मामा म्हणाले, "सीएनजीच्या रांगेत तासभर झोप मिळायची, ती गेली की." मी हसले, पण ते खोटं बोलत नव्हते. त्या तासाची फेरी वाढवली नाही, लवकर घरी सोडलं.

आज तीन तीनचाकी आणि एक छोटा हत्ती इलेक्ट्रिक आहेत. दुसऱ्या छोट्या हत्तीचं रीडिंग रोज ४५ च्या पुढं जात नाही, तो सीएनजीवरच राहील. पिकअप दिवे घाट चढून सासवडला दोनदा जाते, भरलेली. तिला डिझेल. वही तिचीही चालू आहे.