ब्रेमेनमधले चौदा आठवडे

औंधच्या ब्रेमेन चौकातून मी लहानपणापासून ये-जा करते. पुणे आणि जर्मनीतलं ब्रेमेन यांची जुनी मैत्री आहे आणि चौकाचं नाव त्यातूनच आलंय, हे मात्र मला कळलं ते तिथल्या विद्यापीठात एक सेमिस्टर करायची संधी चालून आली तेव्हा. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला, समाजशास्त्र घेऊन, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मी तिथे गेले.

जाण्याआधी सगळे 'सहा महिने' म्हणत होते. प्रत्यक्षात हिवाळी सेमिस्टरचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत चालतात आणि त्यात नाताळची दोन आठवडे सुट्टी. म्हणजे हातात आले जेमतेम चौदा आठवडे. त्यातले पहिले तीन माझे कागदपत्रांत गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून ते आधी सांगते.

जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी 'ही व्यक्ती माझ्याकडे राहते' असा घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून मी एका बाईंची खोली तीन महिन्यांसाठी पोटभाड्याने घेतली. खोली छान होती, ट्राम जवळ होती, भाडं ३९० युरो. पण सही द्यायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, मूळ मालकाला हे सांगितलेलंच नाही, त्यामुळे नोंदणी होणार नाही. झालं, माझं सगळं तिथेच अडकलं. ज्या बँकेत खातं उघडायला गेले तिने नोंदणीचा दाखला मागितला, आणि इथून जाताना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, भरलेले पैसे दर महिन्याला जमा होणार होते ते त्याच खात्यात. तीन आठवडे मी बरोबर नेलेल्या रोख युरोंवर काढले, आणि मग दुसरी खोली शोधली. म्हणून खोलीबद्दल कोणाशीही बोलाल तेव्हा पहिला प्रश्न भाड्याचा नको, 'आनमेल्डुंग होईल का?' हा विचारा. उत्तर लेखी घ्या. आणि खोली पाहिल्याशिवाय, निदान व्हिडिओ कॉलवर तरी पाहिल्याशिवाय, अनामत रक्कम पाठवू नका. वसतिगृहाचा अर्ज मात्र प्रवेशाचं पत्र येईल त्याच दिवशी करा. मी महिनाभराने केला, तिथेच चुकलं.

पैशांचा अंदाज हवा असेल तर, व्हिसासाठी दर महिना ९९२ युरोंची सोय दाखवावी लागत होती. आरोग्य विम्याचे महिन्याला १४० युरोंच्या आसपास जायचे. विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खाणावळीत, दोन-तीन युरोंत गरम जेवण मिळायचं. मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटात मिळते, कोथिंबीर आणि भेंडी तुर्की दुकानांत. हिंग मात्र इथूनच न्या. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळी दूध-पाव आणून ठेवायची सवय लावून घ्या. व्हिसावरची शेवटची तारीख परीक्षांच्या तारखांशी ताडून पाहा.

आता अभ्यासाकडे येते. खरं तर त्याबद्दलच मला लिहायचं होतं.

तिथे पूर्ण सेमिस्टर तीस क्रेडिटचं धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचं काम. माझा कामगारांच्या स्थलांतरावरचा सेमिनार सहा क्रेडिटचा होता, म्हणजे १८० तास. वर्ग मात्र आठवड्यातून एकदा, दीड तासाचा. चौदा आठवड्यांचे मिळून २१ तास. उरलेलं सगळं वाचन, टिपणं आणि शेवटी पंधरा पानांचा निबंध. वेळापत्रक पाहून मला वाटलं होतं, किती मोकळा वेळ आहे! तो वेळ वाचनाचा होता, हे दुसऱ्या आठवड्यात कळलं. तुमचं कॉलेज चालवून घेत असेल तर तिसाऐवजी वीस-चोवीस क्रेडिटच घ्या.

वर्गात साठ-सत्तर जणांऐवजी आम्ही अठरा होतो. कोणी 'मॅडम' म्हणत नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना 'दू', म्हणजे अरे-तुरे, म्हणायला सांगितलं. ते माझ्या जिभेवर यायला महिना लागला. पण त्याहून अवघड होतं बोलणं. आपल्याकडे वर्गात गप्प बसणारी मुलगी लक्ष देणारी समजतात. तिथे गप्प बसणाऱ्या माणसाने वाचलं नाही असं धरतात. पहिले पाच तास मी वाचून जात होते आणि एक शब्दही बोलत नव्हते. मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

सहाव्या आठवड्यात मी बाईंच्या भेटीच्या वेळेत गेले. प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांसाठी ठेवतात, त्याला श्प्रेखश्टुंडं म्हणतात, आणि तिथे जायला काही कारण लागत नाही. त्यांनी विचारलं, तुझ्या भागात कोण स्थलांतर करतं? मी ऊसतोड कामगारांबद्दल सांगायला लागले, आणि मराठवाड्यातल्या गावांतून दिवाळीच्या आसपास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कसे निघतात ते सांगता सांगता पाऊण तास गेला. बाई म्हणाल्या, वर्गात हेच मांड.

माझ्या मांडणीत मी 'कोयता' हा शब्द तसाच ठेवला. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादम त्या जोडीला हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत दोघं बांधलेली. बायकोची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. यावर वर्ग गप्प झाला, आणि मग एका मुलीने जवळच्या लोअर सॅक्सनीतल्या श्पार्गेल, म्हणजे शतावरीच्या कोंबांच्या शेतांबद्दल सांगितलं. तिथे वसंतात रुमेनिया आणि पोलंडचे मजूर कापणीला येतात. राहायच्या जागेचे पैसे मजुरीतून कापण्यावरून आम्ही तासभर बोललो. शेवटी सगळ्यांनी बोटांची पेरं बाकांवर वाजवली. तिथे टाळ्या अशा वाजवतात. त्या दिवशी ट्राममध्ये बसल्यावर मला रडू आलं. जे मला बीडच्या मामाकडे जाता-येता दिसत होतं, ते ज्ञान आहे असं मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं.

म्हणून मी म्हणते, पहिल्याच आठवड्यात त्या भेटीच्या वेळेत जा. माझे पाच आठवडे गेले त्याची मला अजून हळहळ वाटते.

विद्यापीठाच्या आवारात १४६ मीटर उंचीचा एक मनोरा आहे. त्यातल्या नळीतून हवा काढून प्रयोगाची कुपी खाली सोडतात आणि ४.७४ सेकंद वजनरहित अवस्था मिळते. नळी निर्वात करायलाच तासाहून जास्त लागतो. रोज सहा नंबरच्या ट्राममधून उतरताना तो दिसायचा, आणि मला माझ्या कागदपत्रांची आठवण व्हायची.

डिसेंबरचंही सांगून ठेवते. सकाळी साडेआठनंतर उजाडतं आणि दुपारी सव्वाचारला अंधार पडतो. वारा आणि बारीक पाऊस सतत. ऑक्टोबरअखेरीस घड्याळं मागे जातात आणि भारताशी अंतर साडेतीनवरून साडेचार तास होतं, त्यामुळे आईला फोन करायची जुनी वेळ मोडते. त्या दिवसांत खोलीत बसून राहू नका. मी बुर्गरपार्कमधून सायकलने विद्यापीठात जायला लागले आणि झोप सुधारली. मॅक्स म्युलर भवनात केलेलं ए२पर्यंतचं, म्हणजे प्राथमिक पातळीचं, जर्मन वर्गात लागलं नाही, कारण वर्ग इंग्रजीत होते. पण बेकरीतल्या आजींशी रोज दोन वाक्यं बोलता आली ती त्याच्याच जोरावर.

निकालात १.० सर्वांत चांगला आणि ४.०नंतर नापास. घरी सांगण्याआधी हे समजावून सांगा.

परत आल्यावरचं काम सर्वांत कंटाळवाणं. सेमिनारचं नाव इथल्या पेपरच्या नावाशी जुळत नाही म्हणून माझे सहा क्रेडिट चार महिने अडून राहिले. शेवटी मी वाचनयादी, तासांचा हिशेब आणि अभ्यासक्रमाचं वर्णन एकत्र करून विभागात दिलं, तेव्हा ते मान्य झाले. ही तिन्ही कागदपत्रं तिथून निघण्याआधी उतरवून घ्या, आणि कोणता विषय कशाच्या बदल्यात धरणार हे जाण्याआधीच विभागप्रमुखांच्या सहीने लिहून घ्या. निघताना पत्त्याची नोंदणी रद्द करायलाही विसरू नका. त्याला आबमेल्डुंग म्हणतात आणि तो अर्ज एका पानाचाच असतो.