रोज एक ओळ: ऑनलाइन ग्रेडियंट डिसेंटने छोटं न्यूरल नेटवर्क कसं शिकवावं

दादरला माझ्या मामीचं पोळी-भाजी केंद्र आहे. संध्याकाळी किती पोळ्या लाटायच्या, हा तिचा रोजचा प्रश्न. कमी पडल्या तर गिऱ्हाईक परत जातं, उरल्या तर दुसऱ्या दिवशी आमच्याकडे फोडणीची पोळी. तिच्या वहीत रोज एक ओळ वाढते: वार, पाऊस, विकलेल्या पोळ्या. अशी थेंबाथेंबाने येणारी माहिती असेल तर ऑनलाइन ग्रेडियंट डिसेंट कामाला येतो. न्यूरल नेटवर्क म्हणजे आकडे घेऊन अंदाज सांगणारं गणित, आणि ग्रेडियंट डिसेंट म्हणजे चूक कमी होईल त्या दिशेने त्याच्या आतले आकडे थोडे थोडे हलवणं. वर्षाची वही जमवून एकदम शिकवायचं नाही. एक ओळ आली की नेटवर्कची वेट्स (आत गुणायला वापरलेले आकडे) जराशी हलवायची आणि पुढे जायचं. इथल्या 'ऑनलाइन'चा इंटरनेटशी काही संबंध नाही.

आधी आकडे एका मापात आणा. पोळ्यांना ५०० ने भागा, पावसाच्या मिलिमीटरला १०० ने. वार १ ते ७ असा देऊ नका, नाहीतर नेटवर्कला रविवार सोमवारच्या सातपट वाटेल. सात वेगळे रकाने करा, आजच्या वाराला १, बाकीच्यांना ०. पाऊस कुठला धरायचा तेही आधीच ठरवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. दादर मधोमध. मी सांताक्रूझ धरतो आणि १०० मिमीच्या वरचं सगळं १०० च मानतो. त्यापुढे तसंही कोणी पोळ्या न्यायला येत नाही.

नेटवर्क लहानच ठेवा: एक हिडन लेअर (इनपुट आणि आउटपुट यांच्या मधला थर), त्यात चार-पाच न्यूरॉन (आलेल्या आकड्यांना वेट्सने गुणून बेरीज करणारे), त्यांना टॅन-एच फंक्शन (ती बेरीज −१ ते १ मध्ये दाबणारं), शेवटी एक साधा आउटपुट. सुरुवातीची वेट्स छोटी आणि रँडम हवीत. सगळी शून्य ठेवली तर नुसता शेवटचा बायस (बेरजेत मिळवलेला स्थिर आकडा) शिकतो, बाकी नेटवर्क झोपून राहतं.

आता खरं काम. क्रम पक्का धरा: दुपारी अंदाज, रात्री खरा आकडा, मग शिकवणी. एक संध्याकाळ हातानेच करून बघू. पाऊस ६० मिमी, म्हणजे ०.६. नेटवर्क म्हणालं ३१० पोळ्या (०.६२), गेल्या २४० (०.४८). चूक = अंदाज वजा खरा आकडा = ०.१४. हिडन लेअरमधल्या एका न्यूरॉनचं उत्तर ०.५ होतं आणि तिथून आउटपुटकडे जाणारं वेट ०.८. लॉस (चूक किती महाग पडली ते सांगणारा आकडा) म्हणून चुकीच्या वर्गाचं निम्मं घेतलं, तर या वेटचा ग्रेडियंट (वेट जरा हलवलं तर लॉस किती हलेल) ०.१४ × ०.५ = ०.०७. लर्निंग रेट (पावलाचा आकार) ०.१ धरला तर नवं वेट ०.८ − ०.००७ = ०.७९३.

मग चूक मागे हिडन लेअरकडे न्यायची: ०.१४ × ०.८ × (१ − ०.५ चा वर्ग) = ०.०८४. कंसातला भाग म्हणजे टॅन-एचचा त्या जागचा उतार. त्याला पावसाच्या ०.६ ने गुणलं की ०.०५०४. पावसाकडून या न्यूरॉनकडे येणारं वेट −०.३ होतं; त्यातून ०.१ × ०.०५०४ वजा केलं की झालं −०.३०५०४. म्हणजे पाऊस पडला की पोळ्या कमी जातात, हे नेटवर्कला केसभर जास्त पटलं. बस, एका दिवसाला एवढंच.

इथे एक फसगत आहे. मागे जाताना ०.८ हे जुनंच वेट वापरायचं, ०.७९३ नाही. मी स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये आउटपुटचं वेट आधीच बदलून टाकत होतो. फरक इतका बारीक की कित्येक आठवडे पत्ताच लागला नाही. सगळे ग्रेडियंट आधी काढा, वेट्स शेवटी एकदम बदला.

दुसरी फसगत वहीतलीच. "२४० वर संपल्या, अजून चाळीस तरी गेल्या असत्या," असं मामी म्हणते तेव्हा २४० हा मागणीचा आकडा नसतो. पोळ्या संपलेल्या दिवशी अंदाज विक्रीपेक्षा जास्त असेल तर त्या ओळीवर शिकवूच नका. कमी असेल तरच शिकवा. वहीत 'संपल्या' असा एक रकाना वाढवला आणि अंदाज खूपच सुधारले.

लर्निंग रेटचा प्रश्न १९५१ पासूनचा आहे. रॉबिन्स आणि मन्रो या संख्याशास्त्रज्ञांनी तेव्हा दाखवलं की पावलं हळूहळू लहान करावीत, पण इतक्या घाईने नाही की पावलांची बेरीज मध्येच थांबेल. १, १/२, १/३ अशी पावलं त्यात बसतात. पण ते न बदलणाऱ्या जगासाठी. हजाराव्या दिवशी पाऊल १/१००० होतं आणि समोरचं ऑफिस दुसरीकडे गेलं (आणि गिऱ्हाईक घटलं) तरी नेटवर्क ढिम्म. वरचा ०.१ हिशेब दिसावा म्हणून घेतला, मी ०.०५ पासून सुरू करतो आणि ०.०१ च्या खाली जात नाही. शिवाय शिकवताना चूक ±०.२ च्या आत दाबतो. लोकल बंद पडलेल्या एका दिवसाने महिन्याची कमाई पुसायला नको.

विसरभोळेपणाही सांभाळा. चार महिने पावसाच्या ओळी खाल्ल्यावर ऑक्टोबरमध्ये नेटवर्क कोरडे दिवस विसरलेलं असतं. म्हणून जुन्या दोनेकशे ओळी बाजूला ठेवा आणि रोजच्या नव्या ओळीबरोबर त्यातल्या तीन-चार रँडम उचलून पुन्हा शिकवा. सोवळ्यातले लोक म्हणतील हे शुद्ध ऑनलाइन नाही. नसू दे.

नेटवर्क चालतंय का, हे शिकवण्याआधीच्या अंदाजावरूनच मोजा. शिकवून झाल्यावर मोजणं म्हणजे उत्तरपत्रिका बघून पेपर सोडवणं. आणि तुलना ठेवा गेल्या आठवड्यातल्या त्याच वाराच्या आकड्याशी. दोन महिन्यांत नेटवर्क त्याच्या पुढे गेलं नाही तर सरळ वहीच वापरा. रोज रात्री वेट्स तारीख घालून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा: एकदा मामीने २४० ऐवजी २४०० लिहिलं होतं, आणि मला आदल्या दिवसाच्या फाइलवर परतावं लागलं.